किती वेळा मोजणार? रक्सौल–काठमांडू रेल्वेसाठी एक खुले पत्र

प्रति,
मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार,
रेल भवन, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी: कोकण रेल्वे महामंडळ, बेलापूर, भौतिक पूर्वाधार तथा यातायात मंत्रालय, काठमांडू

महोदय,

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. धंदा गलाईचा. सोनाराच्या दुकानातली मोड, घासताना पडलेला कीस, फरशीवरची धूळसुद्धा आम्ही विकत घेतो, मुशीत आटवतो, तेजाबात सोडतो आणि त्यातलं सोनं-चांदी वेगळं करून देतो. आमच्या विटा-खानापूर-आटपाडीच्या पट्ट्यात पाऊस कधीच भरवशाचा नव्हता. म्हणून माणसं या धंद्यात बाहेर पडली आणि देशभर पांगली. त्यातली काही सीमा ओलांडून काठमांडूला आली, त्यांत माझे वडील होते. ते आले तेव्हा मी शाळेत होतो. आता माझा मुलगा भट्टीवर बसतो.

काठमांडूच्या रेल्वेबद्दल जे ठरवतात ते विमानाने येतात आणि विमानाने जातात. मी तीस वर्षं जमिनीवरून ये-जा करतोय, दिवाळीला एकदा आणि गावच्या जत्रेला एकदा. गावाहून कराड, तिथून पुणे, मुंबई, मग कर्मभूमी एक्सप्रेसने बिहारच्या सीमेवरचं रक्सौल. कधी गोरखपूरला उतरून सोनौलीमार्गे. रक्सौलपर्यंतचा प्रवास लांबचा असला तरी बर्थवर पाय पसरून होतो, डब्यातली भाकरी-चटणी पुरते, कुणीतरी पत्ते काढतं. खरा प्रवास त्यापुढे. ई-रिक्षाने सीमेपलीकडचं वीरगंज, आणि वीरगंजहून सुमो. सुमोवाला माणसं मोजत नाही, कोंबतो. हेटौड्यानंतर घाट लागला की मागच्या बाकावरचा माणूस पिशवी तोंडाला धरून बसतो, आणि एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला पावसाने सैल झालेला डोंगर. माझी आई पंच्याहत्तरीची झाली. पशुपतिनाथाला यायची तिची इच्छा अजून आहे, पण "रेल्वे झाली की येईन" असं ती म्हणते. हे ती 2018 पासून म्हणतेय, कारण मीच तिला तसं सांगितलं होतं. पेपरात वाचून.

आता हे पत्र कशामुळे, ते सांगतो.

29 सप्टेंबर 2025 ला तुमच्या आणि परराष्ट्र खात्याने मिळून भूतानसाठी दोन रेल्वेमार्ग जाहीर केले. आसामातल्या कोक्राझारहून गेलेफूला 69 किलोमीटर आणि पश्चिम बंगालच्या बनारहाटहून सामत्सेला 20 किलोमीटर. दोन्ही मिळून 4,033 कोटी रुपये. पहिल्याला चार वर्षं, दुसऱ्याला तीन. पैसे किती, कोण घालणार, काम कधी संपणार, सगळं एका दमात सांगून टाकलं. भूतानमध्ये आजवर रुळाचा एक तुकडाही नव्हता. त्यांच्याकडे गाडी जातेय याचा मला आनंदच आहे. ते मार्ग सोपे आहेत, बहुतेक लांबी भारताच्याच हद्दीत आणि सपाटीवर आहे, हेही मला कळतं. पण ती बातमी मी भट्टीपुढे बसून मोबाइलवर वाचली, आणि वाटलं की आमच्या काठमांडूच्या रेल्वेबद्दल असं एक वाक्य अजून कुणी बोललेलं नाही.

नेपाळला रेल्वे काही नवी नाही, महोदय. 1927 साली रक्सौलहून अमलेखगंजपर्यंत अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली. 39 किलोमीटर. अमलेखगंजला उतरायचं, लॉरीने भीमफेदीला जायचं, आणि तिथून चिसापानी गढीचा डोंगर पायी चढून काठमांडूच्या खोऱ्यात उतरायचं. राणा सरदारांच्या मोटारी तर हमालांनी बांबूंवर बांधून डोंगरापलीकडे नेल्या. तेव्हा खोऱ्यात यायला मोटाररस्ताच नव्हता. पुढे त्रिभुवन राजपथ झाला, ट्रक धावू लागले, आणि 1965 ला रक्सौल–अमलेखगंज गाडी बंद पडली. इथपर्यंत कुणाला दोष द्यावा असं नाही. तेव्हा सगळ्या जगालाच रस्त्यांची भूल पडली होती.

पण त्याच अमलेखगंजची पुढची गोष्ट ऐका. 2018 च्या एप्रिलमध्ये मोतिहारीहून अमलेखगंजला पेट्रोलियमची नळवाहिनी टाकायचं काम सुरू झालं. 69 किलोमीटर. 2019 च्या सप्टेंबरमध्ये, ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी, ती सुरूही झाली. दोन देश, दोन सरकारी तेल कंपन्या, जमीन, जंगल, कस्टम, सगळं सतरा महिन्यांत जुळलं. म्हणजे मनात आलं की जुळतं. 1927 ला जिथे माणसं गाडीतून उतरत होती तिथे आज डिझेल नळातून पोहोचतं, आणि माणसं सुमोत कोंबून जातात.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार मोजणीची आहे.

नळवाहिनीचं काम सुरू झालं त्याच एप्रिल 2018 मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी रक्सौल–काठमांडू रेल्वेचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये प्राथमिक सर्वेक्षणाचा करार झाला. ते सर्वेक्षण कोकण रेल्वेने केलं. रक्सौलपासून काठमांडूच्या दक्षिणेला चोभारपर्यंत सुमारे 136 किलोमीटर आणि त्यातले 42 किलोमीटरच्या आसपास बोगदे, असा आराखडा निघाला. मग ऑक्टोबर 2021 मध्ये अंतिम स्थान सर्वेक्षणाचा, म्हणजे रूळ नेमके कुठून जाणार ते पक्कं करायच्या मोजणीचा, दुसरा करार झाला. तेही काम कोकण रेल्वेकडेच गेलं, तेही झालं, अहवाल दिला गेला. आणि मग? मोजणी झाली, मोजणीची मोजणी झाली. पैसा अनुदानातून येणार की कर्जातून, दोन सरकारं किती-किती उचलणार, काम कोण करणार, पहिली कुदळ कधी पडणार, यातलं काहीही लोकांसमोर आलेलं नाही. आमच्या धंद्यात टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, एकदा काढतात. फार तर गिऱ्हाईकाला शंका आली तर दुसऱ्यांदा. त्यानंतरही जो भाव बोलत नाही त्याला माल घ्यायचाच नसतो, हे पोरालाही कळतं.

अवघड आहे, असं म्हणू नका. ज्या कोकण रेल्वेने सह्याद्रीच्या पायथ्याच्या भुसभुशीत मातीतून बोगदे काढले, पेडण्याला माती पुन्हा पुन्हा ढासळत असताना मागे हटली नाही, आणि जिची गाडी 26 जानेवारी 1998 ला सुरू झाली, त्याच कोकण रेल्वेने काश्मीरच्या मार्गावर नदीपात्रापासून 359 मीटर उंचीचा चिनाब पूल उभा केला. 2025 च्या जूनमध्ये त्यावरून गाडी गेली. हिमालय तिला नवा नाही. कोकणातल्या माणसाला विचारा, "इथून रेल्वे जाणं शक्यच नाही" हे वाक्य त्याने किती दशकं ऐकलं होतं.

दुसरी तक्रार जरा नाजूक आहे, पण सोनारानेच कान टोचावे म्हणतात, आणि मी सोनाराचा शेजारी. तुमची घाई आणि तुमचा आराम, दोन्ही उत्तरेकडे बघून ठरतात असं आम्हाला इथून दिसतं. चीनची गाडी 2006 ला ल्हासाला आली, 2014 ला तिबेटमधल्याच शिगात्सेला. तिथून ती नेपाळच्या सीमेलगतच्या केरुंगला आणि केरुंगहून काठमांडूला आणायची कल्पना नेपाळात रंगू लागली. रक्सौलची घोषणा झाली एप्रिल 2018 मध्ये, आणि दोनच महिन्यांनी, जूनमध्ये, नेपाळने बीजिंगमध्ये रेल्वेच्या करारावर सही केली. 2022 च्या डिसेंबरात चिनी तज्ज्ञ इथे अभ्यासाला उतरले. केरुंग–काठमांडूच्या नेपाळातल्या 72 किलोमीटरपैकी जवळपास सगळी लांबी बोगद्यांत आणि पुलांवर आहे. ती गाडी लवकर येत नाही हे आता सगळ्यांना कळून चुकलंय. आणि नेमकं तेव्हापासून रक्सौलबद्दल तुमच्याकडून फारसं ऐकू येत नाही. शेजाऱ्याने माडी बांधायला काढली म्हणून आपण विटा उतरवायच्या, आणि त्याचं काम थांबलं की आपल्या विटा तशाच दारात, असं घर कधी पुरं होत नाही. काठमांडूतला चहावालासुद्धा हे मला बोलून दाखवतो. मी हिंदुस्थानी, म्हणून जरा जास्तच रंगवून.

तिसरी तक्रार जनकपूरची. इथे बरंच काम झालंय, म्हणूनच जीव जास्त जळतो.

जयनगर ते जनकपूर ही गाडी 1937 ची. महोत्तरीच्या जंगलातलं लाकूड वाहायला टाकलेली, मग जानकी मंदिराच्या यात्रेकरूंची झालेली. छपरावर बसून माणसं जायची. पूल वाहून गेल्यावर बिजलपुराकडचा भाग बंद पडला, आणि 2014 ला उरलेलीही थांबली. भारताने अनुदान देऊन ती मोठ्या रुळांची केली. 2 एप्रिल 2022 ला जयनगर–कुर्था 35 किलोमीटर सुरू झाली, 2023 च्या जुलैमध्ये बिजलपुरापर्यंत आणखी 17. यासाठी लागणाऱ्या पाच-पाच डब्यांच्या दोन डेमू, म्हणजे डिझेलवर चालणाऱ्या गाड्या नेपाळला कोणी दिल्या? कोकण रेल्वेनेच. त्या गाड्या सप्टेंबर 2020 मध्ये पोहोचल्या आणि दीड वर्ष उभ्या राहिल्या, कारण नेपाळकडे रेल्वेचा कायदा तयार नव्हता आणि चालवायला माणसं नव्हती. इथे दोष दिल्लीचा नाही, काठमांडूचा. म्हणून या पत्राची एक प्रत तिकडेही पाठवतोय.

राहिलेत ते बिजलपुरा ते बर्दिबास, सतराच किलोमीटर. जमिनीच्या मोबदल्यात अडकलेले. नकाशा काढून बघा, बर्दिबास म्हणजे काय ते. तिथे पूर्व-पश्चिम महामार्ग आहे, आणि तिथूनच सिंधुलीमार्गे धुलिखेलकडे, म्हणजे काठमांडूच्या दारात येणारा बी. पी. महामार्ग सुटतो. 2024 च्या सप्टेंबरच्या पुराने तो रस्ताही फोडला, ते वेगळं. पण गाडी बर्दिबासला आली असती तर काठमांडूला यायची आणखी एक वाट माणसाला मिळाली असती. सतरा किलोमीटर कमी पडल्याने ती गाडी जनकपूरपुरती राहिली.

याच तक्रारीत तिकिटाचं. मुंबईहून सुटणारी पवन एक्सप्रेस नाशिक, जळगाव, भुसावळ करत थेट जयनगरला जाते. भुसावळचा माणूस एका गाडीत बसून नेपाळच्या दारापर्यंत येतो. जयनगरला नेपाळी गाडीचं स्टेशन भारतीय स्टेशनाला लागूनच आहे. पण तिकीट वेगळं, खिडकी वेगळी, वेळापत्रकाचा एकमेकांशी मेळ नाही. मागच्या खेपेला मी आमच्या गावच्या सात माणसांना घेऊन जनकपूरला गेलो. आमची गाडी उशिरा पोहोचली, पुढची निघून गेलेली, आणि चौकशीच्या खिडकीवर दोन्हीकडे एकच उत्तर, "ते तिकडे विचारा." शेवटी रस्त्यानेच गेलो. आता हे शक्य नाही असं म्हणावं, तर जून 2022 मध्ये तुम्हीच भारत गौरव गाडी यात्रेकरूंना घेऊन थेट जनकपूरला नेऊन दाखवलीत. ज्या रुळावरून एकदा थेट गाडी गेली त्यावरून आठवड्यातून एकदा का जाऊ नये?

चौथी तक्रार लिहायला हात जड होतो.

12 जुलै 2024 ला पहाटे नारायणगढ–मुग्लिंग रस्त्यावर सिमलतालला दरड आली आणि दोन बस त्रिशूलीत गेल्या. त्यातली एक वीरगंजहून काठमांडूला निघालेली. साठाहून अधिक माणसं गेली, कित्येकांचे देहसुद्धा मिळाले नाहीत. त्या रस्त्याने मी किती वेळा आलो असेन याचा हिशेब नाही. सहा आठवड्यांनी, 23 ऑगस्टला, आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस आँबुखैरेनीजवळ मर्स्याङ्दी नदीत कोसळली. 27 जण गेले. वरणगाव, भुसावळ, त्या भागातली माणसं. वायुदलाच्या विमानाने देह जळगावला आणले. जखमींना काठमांडूला आणलं तेव्हा इथली आम्ही मराठी माणसं जमेल तशी धावलो. आमच्या हातात दुसरं काही नव्हतं. कुणीतरी मराठीत बोलतंय, एवढाच काय तो आधार.

ती बस पोखऱ्याहून येत होती. रक्सौलची रेल्वे झालेली असती तरी ती त्याच रस्त्याने आली असती, हे मला कळतं. त्यांच्या मरणाचं ओझं मी या पत्रासाठी वापरणार नाही. पण सिमेंट, गॅसच्या टाक्या, तांदूळ, यात्रेकरू, परदेशी नोकरीला निघालेली पोरं आणि परत येणाऱ्या शवपेट्या, हे सगळं एकाच नदीकाठच्या एकाच रस्त्यावर लोटल्यावर त्या रस्त्याचं काय होतं, ते मी दर पावसाळ्यात बघतो. मालासाठी वीरगंजच्या सुक्या बंदरापर्यंत, म्हणजे कंटेनर उतरवायच्या तळापर्यंत, रूळ 2004 पासून आहेत. कलकत्त्याहून कंटेनर गाडीने येतो आणि तिथे ट्रकवर चढतो. तो ट्रक आमच्या सुमोच्या पुढे, घाटात.

नेपाळच्या बाजूचंही बोललं पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. इथे सरकारं टिकत नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये तर रस्त्यावर तरुण पोरं उतरली, सरकार कोसळलं, सरकारी कचेऱ्यांचा सिंहदरबार जळाला. आम्ही चार दिवस शटर ओढून भट्टी विझवून बसलो होतो. "बोलायचं कोणाशी?" ही तुमच्या अधिकाऱ्यांची अडचण खरी असेल. फायली जळाल्या असतील तर बेलापूरला प्रत आहेच. आणि दुसरी गोष्ट, 2015 ची. भूकंपातून लोक उठतात न उठतात तोच सीमेवर माल अडला. ती नाकाबंदी कोणी केली यावर दिल्ली एक सांगते, काठमांडू एक. मी राजकारण सांगत नाही, मी त्या हिवाळ्यात बायकोने गच्चीवर लाकडं पेटवून केलेला स्वयंपाक सांगतो. तेव्हापासून इथला साधा माणूस विचारतो की सगळे रूळ दक्षिणेलाच गेले आणि पुन्हा कुणी फाटक लावलं तर? या शंकेचं उत्तर दुसऱ्या सर्वेक्षणाने मिळत नाही. करारात लिहून मिळतं.

म्हणून माझ्या मागण्या, साध्या भाषेत.

रक्सौल–काठमांडूच्या अंतिम सर्वेक्षणाचा सारांश दोन्ही सरकारांनी मिळून लोकांसमोर ठेवावा, नेपाळीत आणि हिंदीत. मार्ग, स्थानकं, खर्च, बोगदे. ज्यांच्या शेतातून रूळ जाणार त्यांना ते आधी कळू द्या. बिजलपुऱ्याच्या पुढे जे झालं ते पुन्हा नको.

पैशाचा निर्णय तारखेसह जाहीर करावा. भूतानसाठी जसा केलात तसाच. आणि बांधायची नसेल तर तसं स्पष्ट सांगावं. मी आईला सांगेन. नकार सोसतो, महोदय, हे झुलवत ठेवणं सोसत नाही.

सगळं एकदम जमत नसेल तर तराईतला सपाट टप्पा आधी घ्यावा. बोगदे मागून येऊ द्या. गाडी डोंगराच्या पायथ्याशी आली तरी रस्त्यावरचा निम्मा भार उतरेल.

करारात लिहावं की या मार्गावरची प्रवासी आणि जीवनावश्यक मालाची वाहतूक कोणत्याही राजकीय भांडणात कुठल्याही बाजूने थांबवली जाणार नाही.

बिजलपुरा–बर्दिबासच्या जमिनीचा मोबदला काठमांडूने चुकता करून जागा मोकळी द्यावी. ही मागणी तुमच्याकडे नाही, प्रत ज्यांना जाते त्यांच्याकडे आहे. त्यांनी ती वाचावी.

आणि हे शेवटचं तर तुम्ही या महिन्यात करू शकता. त्याला बोगदा लागत नाही. जयनगरला पवन एक्सप्रेसच्या वेळेशी जनकपूरची गाडी जुळवावी, गाडीला उशीर झाला तर पुढच्या गाडीने थोडं थांबावं, आणि मुंबई-नाशिक-भुसावळच्या खिडकीवर जनकपूरपर्यंतचं एकच तिकीट मिळावं. मी जत्रेला गावी जाणार आहे. परतताना आईला घेऊन यायचं म्हणतोय, काठमांडूपर्यंत नाही तर निदान जनकपूरपर्यंत. तिला सीतामाईचं माहेरही चालेल, असं ती म्हणाली.

उत्तर हिंदीत आलं तरी चालेल, मराठीत आलं तर आईला वाचून दाखवीन.

आपला,
एक गलाईवाला
मूळ गाव तालुका खानापूर, जिल्हा सांगली
हल्ली मुक्काम काठमांडू